'एकहाती' या शब्दाखालचं नाव

शब्दाखाली जुन्या पुस्तकातलं वाक्य द्यायचं काम सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते एकदा करून पाहावं. शब्द घ्यायचा, त्याचे अर्थ वेगळे करायचे आणि प्रत्येक अर्थाखाली छापील पुस्तकातलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. त्याखाली लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, साल आणि पान. आपल्या मनानं वाक्य रचायचं नाही. दुसऱ्या कोशातून उचलायचं नाही. वाक्य मिळालं नाही तर तो अर्थ काही महिने तात्पुरता म्हणून राहतो, नंतर काढून टाकला जातो.

मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लागले. तेव्हा कार्डांची कपाटं होती. पुढच्या दशकात कॉम्प्युटर आले, इंटरनेट आलं, आणि पुण्यातल्या एका मंडळानं मराठीचा ऑनलाइन शब्दकोश करायला घेतला. जुनी पुस्तकं हाताशी असलेली माणसं त्यांना हवी होती. आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी जुनी पुस्तकं 'बाद' असा शिक्का मारून रद्दीत जात. जाण्याआधी ती कुणाच्या तरी उपयोगी पडावीत, एवढ्याच विचारानं मी नाव दिलं. पुस्तकांवर माझं फार प्रेम आहे असं नाही. धूळ झाडायला लागली की ते कमी होतं.

या कामात खाचखळगे बरेच. जुन्या छपाईत 'ख' आणि 'रव' सारखेच दिसतात. सुरुवातीलाच मी 'रवाना' शब्दाखाली 'दुपारी रवाना झाला' असं वाक्य टाकलं. पुण्याहून संपादकांचा फोन आला.

"ताई, मागचं-पुढचं वाचलंत का? हा माणूस गेला की जेवला?"

मूळ वाक्य 'दुपारी खाना झाला' असं होतं. मी ओशाळले, ते हसले. माणूस चांगला होता. प्रत्येक नोंद स्वतः तपासायचा, चूक सापडली की रागवायचा नाही, पण सोडायचाही नाही. आमचा सगळा व्यवहार ईमेलवर आणि फोनवर. मी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही.

वर्णमालेतली अक्षरं वाटून दिलेली असत. माझ्या वाट्याला 'ए' आलं, आणि त्यात 'एकहाती'. पहिला अर्थ सगळ्यांना माहीत असतो. एकट्याच्या बळावर केलेलं, मिळवलेलं. त्याचं वाक्य लगेच सापडलं. दुसरा अर्थ मला माहेरापासून माहीत होता. माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलंच, बिद्रीकडचं, घरी म्हशी. एकहाती म्हैस म्हणजे एकाच माणसाच्या हातानं दूध देणारी. दुसरं कुणी धारेला बसलं की ती पान्हा चोरते, लाथ झाडते. आमच्याकडे अशी एक होती. ती होती तोवर माझ्या आईला तिच्या माहेरी मुक्कामाला जाता आलं नाही. सकाळी जायची, संध्याकाळच्या धारेला परत.

या अर्थाला वाक्य काही मिळेना. शेतीची पुस्तकं पाहिली, गोष्टींची पुस्तकं पाहिली. म्हशी भरपूर होत्या, एकहाती एकही नव्हती. शेवटी मी आमच्या गल्लीतल्या आक्काला विचारायला गेले. वाक्य तिच्याकडे मिळेल म्हणून नव्हे. निदान शब्द माझ्या डोक्यातला नाही एवढी खात्री व्हावी म्हणून.

आक्का सत्तरी ओलांडलेली, विधवा. तिला सगळी गल्ली आक्काच म्हणायची, तिचा मुलगासुद्धा. एकोणीसशे नव्वदच्या आसपासपर्यंत तिच्या गोठ्यात म्हशी होत्या आणि आमच्याकडे दूध तिचंच यायचं. पुढे गल्लीत गोठ्याला जागा उरली नाही, शेजारी तक्रारी करायला लागले, तशा तिनं म्हशी विकल्या आणि आम्ही पिशवीच्या दुधावर आलो. आवाज मात्र तिचा गोठ्यातलाच राहिला होता.

"आक्का, एकहाती म्हैस म्हणत्यात न्हवं आपल्यात?"

"म्हणत्यात म्हंजे? लिवलंय की मी."

"कुठं लिवलंय?"

"पुस्तकात. तुमच्या लायब्रीत न्हाई व्हय ते? कसली लायब्री म्हणायची ती!"

मला वाटलं, थट्टा करतेय. तिनं आत जाऊन कपाटातून एक पातळ पुस्तक आणलं. म्हशी कशा पाळाव्यात, वैरण काय, आंबोण किती, व्यायल्यावर काळजी कशी घ्यायची, अशी सगळी माहिती. कोल्हापुरातल्याच एका छापखान्यात पन्नासेक वर्षांपूर्वी छापलेलं. वर नाव तिच्या नवऱ्याचं, खाली 'प्राथमिक शिक्षक'. आत त्यांचा टोपी घातलेला फोटो. प्रस्तावनेच्या शेवटी एक ओळ: लेखनकामी सौभाग्यवतीचे सहकार्य झाले.

"ह्ये तर मास्तरांचं हाय की, आक्का."

"नाव मास्तरांचं हाय. म्हशी कुनाच्या हुत्या? मास्तर गोठ्यात आलं की म्हस उटून हुबी ऱ्हायाची. वळख न्हवती तिला त्यांची."

तिनं सांगितलं ते असं. ती सातवी पास झालेली, लिहायची हौस. दुपारी म्हशी गोठ्यात रवंथ करत बसल्या की शाळेच्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर लिहायची. मास्तरांनी वाचलं, त्यांना आवडलं. त्यांनी ते सुधारलं, शुद्ध केलं आणि छापखान्यात दिलं, स्वतःच्या नावानं.

"तुम्ही काय म्हणाला न्हाईसा?"

"म्हणालो की. तर म्हणाले, बाईच्या नावाचं पुस्तक कोण घील? आनि शाळंत हसतील मला. वाईट न्हवता गं मानूस. पर हसतील म्हणून भ्याला."

आणि तिनं पान काढून दाखवलं. शोधावं लागलं नाही तिला. तिथं माझं वाक्य होतं: 'माझी म्हैस एकहाती आहे. मी धारेस बसतो तेव्हाच ती पान्हा सोडते, इतरांस कासेला हात लावू देत नाही.'

इतक्या दिवसांच्या शोधानंतर असं वाक्य मिळणं म्हणजे काय, ते हे काम करणाऱ्यालाच कळेल. शब्द, अर्थ, सगळं एका ठिकाणी. मी तिला समजावून सांगितलं, की हे वाक्य कॉम्प्युटरवर जाणार, जगात कुठूनही दिसणार, आणि वाक्याखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं.

"मग माजं नाव घाल," ती म्हणाली. "जित्ती हाय तवर बगू दे मला. मास्तरांचं पुस्तकावर हाय तेवढं बास झालं."

"घालतो," मी म्हणाले.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. मी घरात, गल्लीत 'घालतो'च म्हणते. कोल्हापूरकडच्या बायका 'मी जातो, मी आलो, मी जेवलो' असं बोलतात. आम्हाला त्यात पुरुषी काही वाटत नाही, बाहेरच्यांना वाटतं. ग्रंथालयाचा कोर्स करायला मी पुण्याला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी वर्गाच्या दारात उभी राहून "सर, मी आत येऊ का? एसटी चुकली म्हणून उशिरा आलो" म्हणाले. अख्खा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणी तरी विचारलं, "आलो की आले?" पुढे काही महिने ते मला 'आलोबाई' म्हणत. वर्ष संपायच्या आत मी 'आले, गेले, सांगते' इतकं पक्कं केलं की घरी आल्यावर आई म्हणाली, "पावणीवानी काय बोलायलीस?" तेव्हापासून माझ्या दोन बोल्या झाल्या. गल्लीत एक, कॉलेजात आणि फोनवर दुसरी. त्यात गैरसोय कधी झाली नव्हती.

नियमाप्रमाणे मी नोंद भरली, आक्काचं नाव घातलं, आणि पुस्तकाच्या शीर्षकपानाची व त्या पानाची स्कॅन केलेली प्रत जोडली. संपादकांचा फोन आला.

"ताई, वाक्य उत्तम आहे. पण शीर्षकपानावर गृहस्थांचं नाव आहे. तुम्ही बाईंचं दिलंय."

"लिहिलंय त्या बाईंनीच. त्या आमच्या गल्लीत राहतात, मला त्यांनीच सांगितलं."

"ऐकीव चालत नाही, तुम्हाला माहीत आहे. उद्या प्रत्येकाची आजी म्हणेल, मीच लिहिलं. प्रस्तावनेत काही आहे का?"

"सौभाग्यवतीचे सहकार्य झाले, असं आहे."

"सहकार्य म्हणजे लेखन नव्हे. माझ्या प्रबंधालाही माझ्या बायकोचं सहकार्य झालं होतं."

"मग तोही एकदा तपासून घ्या," मी म्हणाले.

ते मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "बरं, नाव बाजूला ठेवा. वाक्यच बघा ना. 'मी धारेस बसतो.' बाई लिहीत असती तर 'बसते' लिहिलं असतं. तुमचा पुरावाच तुमच्या विरुद्ध जातोय."

"आमच्याकडे बायका 'बसतो'च म्हणतात."

"म्हणत असतील. छापलेलं दाखवा कुठे तरी."

"हे छापलेलंच आहे की."

"हे गृहस्थांच्या नावावर छापलेलं आहे. तोच तर प्रश्न आहे." मग ते म्हणाले, "आणि ताई, रागवू नका. तुम्हीही कोल्हापूरच्याच ना? आपण इतके दिवस फोनवर बोलतोय. तुमच्या तोंडून मी एकदाही 'मी सांगतो' ऐकलेलं नाही."

त्या क्षणी 'मी खरं सांगतो' म्हणाले असते तर ते नाटकात म्हटल्यासारखं वाटलं असतं. मी म्हणाले, "पुरावा शोधते." शोधते!

शोधला. आमच्या ग्रंथालयात या बाजूच्या गावांवर लिहिलेल्या कथांची पुस्तकं होती. त्यातली बरीच चाळली. पुरुष बोलला की 'हाय, न्हाय, गेलतो' सगळं होतं. बाई तोंड उघडायची तेव्हा 'हाय, न्हाय' राहायचं आणि क्रियापद मात्र 'जाते, येते' व्हायचं. लिहिणाऱ्यानं सुधारलं, की छापखान्यात सुधारलं, की मुद्रितं तपासणाऱ्यानं, देव जाणे. माझ्यासारखेच सगळे वर्गाच्या दारात उभे राहून आले असावेत.

मग आक्काच्या मुलाला भेटले. तिनं लिहिलेले मूळ कागद मिळाले तर प्रश्नच मिटला असता. तो नोकरीतून निवृत्त व्हायला आलेला, सरळ माणूस.

"कागद कुठले वहिनी? ते तवाच बंबात गेले असतील. आनि आक्काचं काय मनावर घेता? तिनं म्हाईती सांगितली, बाबांनी लिवलं. मास्तर हुते ते."

"ती म्हणती, तिनंच लिवलं."

"बाबांचं ह्ये एकच पुस्तक हाय. आयुष्यात दुसरं काय केलं न्हाई त्यांनी. त्येबी काढून घेनार व्हय त्यांच्याकडनं?"

त्याच्या बाजूनं ते बरोबर होतं. मी परत आले.

आक्काला मी 'बसतो'ची अडचण सांगितली तेव्हा ती खूप हसली. "मास्तरांनी समदं सुदारलं. हायचं आहे केलं, न्हाईचं नाही केलं, कुठं कुठं तर माजं मलाच कळंना. 'बसतो' तेवढं तसंच ठिवलं. ते कशाला सुदारतील? आयतंच मिळालं त्यांना." तिला ते गमतीचं वाटलं. तिची खात्री होती, की मी काही तरी करून नाव घालणारच. शिकलेली, कॉम्प्युटरवाली, पुण्याला फोन करणारी.

संपादकांनी नियमाप्रमाणे नोंद प्रसिद्ध केली. वाक्य आक्काचं, नाव मास्तरांचं. मला त्यांनी आधी कळवलं होतं, आणि पुरावा मिळाल्यास नाव बदलू, असंही लिहिलं होतं. त्यांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. 'खाना' आणि 'रवाना'मधला फरक ज्यानं सांभाळायचा, त्यानं गल्लीतल्या बोलण्यावर नाव बदललं तर कोश कशाला म्हणायचा?

आक्का मात्र रोज विचारायची. "आलं का?" दोनदा मी 'अजून न्हाई' म्हणून टाळलं. मग ते मलाच नको वाटलं. आहे ते दाखवून टाकावं म्हणून एका रविवारी तिला कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत घेऊन गेले. तिनं धुवट नऊवारी नेसली होती, चष्मा पुसून घातला होता. कॅफेवाला म्हणाला, "काय आक्का, चॅटिंग काय?" ती म्हणाली, "तुज्या बाऽशी. सरक तिकडं."

पान उघडलं. ती अक्षराला अक्षर लावून मोठ्यानं वाचायला लागली. "माझी म्हैस एकहाती आहे. मी धारेस बसतो तेव्हाच ती पान्हा सोडते…" वाचताना तिचा चेहरा उजळला. शेजारच्या खुर्चीवरची दोन मुलं वळून बघायला लागली. मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. तिनं ती वाचली नाही. नुसती बघत राहिली.

"ह्यो हितं बी आला व्हय?" ती म्हणाली.

मुलं हसली. मला हसू आलं नाही. मी तिला नियम सांगितला, पुरावा सांगितला, फोन सांगितला. ती ऐकत होती की नाही कळेना.

"काढ ते."

"आक्का, वाक्य काढलं तर अर्थ बी जाईल. म्हशीचं कायच राहणार न्हाई तिथं."

"काढ म्हणतो न्हवं."

"नाव त्यांचं असलं तरी वाक्य तुमचंच हाय की."

"ते तुला म्हाईत, मला म्हाईत. तिसऱ्या कुनाला?" ती उठली. "पुस्तकावर नाव घातलं तवा एकदा बोलून गप बसलो. संसार हुता. आता काय हाय? आता कशाला गप बसू?"

मी त्याच आठवड्यात वाक्य मागं घेतल्याचं कळवलं. ज्यानं वाक्य दिलं त्याला ते मागं घेता येतं. संपादकांनी वाद घातला नाही, फक्त लिहिलं, 'शब्दाचं नुकसान आहे, पुन्हा विचार करा.' मी विचार केला होता. एकीकडे एक अर्थ होता, तो माझ्या आईच्या पिढीबरोबर बोलण्यातूनही चालला होता. दुसरीकडे एक जिवंत बाई होती. तिचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं आहे हे सिद्ध करण्यासाठी लागणारी एकच गोष्ट, म्हणजे कोल्हापूरच्या बाईचं बोलणं, माझ्याकडे असूनही मी ती फोनवर कधी वापरली नव्हती. वर्गात हसले म्हणून. मास्तरही हसतील म्हणूनच भ्याले होते. त्यांच्यावर चिडायचा मला फारसा हक्क नाही.

फोनवर मी 'सांगतो' म्हणत असते तर संपादकांनी नाव बदललं असतं का? बहुतेक नाही. एका बाईचं बोलणं म्हणजे छापील पुरावा नव्हे. पण निदान त्यांना शंका आली असती, आणि शंका आली की तो माणूस खोदत बसायचा. हे मला नंतर सुचलं. नंतर सुचलेल्या गोष्टी कोशात घालता येत नाहीत.

मुदत संपली आणि 'एकहाती'चा दुसरा अर्थ निघाला. आता तिथं एकच अर्थ आहे. मी आक्काला सांगायला गेले, कारण तिनं विचारलंच असतं. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"काढलं का?"

"काढलं. मास्तरांचं नाव गेलं."

"बरं झालं." चार खडे बाजूला टाकून तिनं विचारलं, "मग आता काय हाय तिथं?"

"एकट्यानं केलेलं, एवढंच. म्हशीचं न्हाई."

तिचा हात थांबला. "म्हशीचं बी गेलं?"

"म्हणालतो की मी, आक्का. वाक्य गेलं की अर्थ जातो."

"मला वाटलं, तू काय तरी करशील. दुसरं कुठलं तरी वाक्य घालशील." तिनं सूप मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे मीच काढली म्हण की तिला."

मी म्हणाले, नियमानं काढली. तिनं मान हलवली आणि पुन्हा खडे निवडायला लागली. त्यानंतर तिनं मला कोशाबद्दल कधीही विचारलं नाही. दोनेक वर्षांनी ती गेली. मास्तरांचं नाव घालून ते वाक्य मला परत देता आलं असतं, संपादकांनी तसं सुचवलंही. मी त्यांना फोनवर म्हणाले, "न्हाई, मी देत न्हाई ते." त्यांच्याशी गल्लीतल्या बोलीत मी पहिल्यांदाच बोलले.

पुढे मी 'ओ' घेतला. ओटी, ओवरी, ओळंबा. वाक्यं भराभर मिळाली.